आधी कोण जाणार? सिग्नल नसलेल्या चौकांबद्दल वाचकांचे प्रश्न

सिग्नल नसलेले चौक, गावाकडचे फाटे आणि दुभाजकातल्या मोकळ्या जागा. या ठिकाणी गाडी वळवण्याबद्दल आलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या चौकात चारही रस्ते सारख्याच रुंदीचे आहेत. सिग्नल नाही, पोलीस नाही. जो जोरात हॉर्न वाजवतो तो आधी जातो. कायद्यानं आधी कोणी जायचं?
(एक वाचक, सांगली)

नियम आहे आणि तो अगदी छोटा आहे. वाहतुकीचं नियंत्रण नसलेल्या चौकात शिरताना समोरचा रस्ता मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला असेल, तर त्यावरून जाणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. तसं काही ठरलेलं नसेल तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. १९८९ च्या नियमावलीत हे होतं आणि २०१७ च्या मोटार वाहन (चालन) विनियमांतही तत्त्व तेच आहे. त्यामागचं कारण साधं आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे उजवीकडून येणारं वाहन आडव्या रस्त्याच्या आपल्या बाजूच्या अर्ध्या भागातून येतं. चौकात पाऊल टाकताच आधी गाठ पडते ती त्याच्याशी. डावीकडून येणारा पलीकडच्या अर्ध्या भागात असतो, त्याच्यापर्यंत पोचायला आपल्याला एखादा सेकंद जास्त मिळतो.

समोरासमोरच्या दोन गाड्यांत एक सरळ जाणारी आणि दुसरी उजवीकडे वळणारी असेल, तर वळणाऱ्यानं थांबायचं. गोल चौकात आत फिरत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. तोही आपल्या उजवीकडूनच येत असतो, म्हणजे हिशेब एकच.

चारही बाजूंनी चार गाड्या एकाच वेळी आल्या तर? प्रत्येकाच्या उजवीकडे कोणी ना कोणी आहे, त्यामुळे नियम फिरून तिथंच येतो. अशा वेळी एकानं गाडी पूर्ण उभी करून उजवीकडच्याला हातानं ‘या’ म्हटलं की गुंता सुटतो. चौघंही थोडं थोडं पुढं सरकत राहिले तर मात्र मधोमध अडकतात.

चौकात पाटी असेल तर पाटी आधी. लाल रंगाची अष्टकोनी ‘थांबा’ पाटी असेल तर रस्ता मोकळा दिसला तरी रेषेपाशी चाकं थांबलीच पाहिजेत. उलटा त्रिकोण असेल तर वाट द्या, गरज असेल तर थांबा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये ‘थांबा’ची पाटी न पाळणं हे लाल सिग्नल तोडण्याच्या जोडीनं धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. ही पाटी इतकी गंभीर आहे हे फार थोड्या चालकांना माहीत असतं.

प्रश्न : फाट्यावरून दोनपदरी राज्यमार्गावर उजवीकडे वळायचं असतं. दोन्हीकडून गाड्या येत असतात. किती अंतर मोकळं दिसलं की निघावं?
(एक वाचक, बारामती)

मीटरमध्ये विचार करू नका, सेकंदांत करा. अंतराचा अंदाज बहुतेकांचा चुकतो आणि वेगाचा त्याहून जास्त.

आपल्याला किती वेळ लागतो ते आधी पाहू. तुमची गाडी रस्त्याच्या कडेपासून ३ मीटर मागं उभी आहे. ७ मीटर रुंदीचा रस्ता आणि ४ मीटर लांबीची गाडी धरली, तर रस्ता पूर्ण ओलांडायला १४ मीटर सरकायचं. नेहमीच्या पद्धतीनं क्लच सोडून निघालं तर त्याला साडेचार सेकंदांच्या आसपास लागतात. निघायचं ठरवून गाडी प्रत्यक्ष हलेपर्यंत आणखी एक-दीड सेकंद. म्हणजे सहा सेकंद तर नुसते ओलांडायलाच गेले. गाडी भरलेली असेल, फाट्यावर चढ असेल, डांबराच्या कडेला खड्डा पडला असेल, तर सात. क्लच नसलेल्या काही गाड्या उभ्या जागेवरून उचल घ्यायला क्षणभर अडखळतात, तो क्षणही यातच मोजा.

रस्ते आखणारे अभियंते हाच हिशेब करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत फाट्यावरून मुख्य रस्त्यावर किती लांबवर दिसायला हवं त्याचे आकडे आहेत : मुख्य रस्त्यावरचा वेग ५० असेल तर ११० मीटर, ८० असेल तर १८० मीटर, १०० असेल तर २२० मीटर. तिन्ही ठिकाणी हे अंतर ८ सेकंदांचं भरतं. तुम्हीही ८ सेकंद धरा.

हे डोळ्यांना शिकवायची सोपी रीत आहे. ज्या फाट्यावरून रोज जाता तिथं एकदा गाडी सुरक्षित जागी लावून उभे राहा. येणाऱ्या गाडीनं एखादा खांब, झाड किंवा किलोमीटरचा दगड ओलांडला की ‘एकशे एक, एकशे दोन’ असं सावकाश मोजायला लागा. एकेक आकडा म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. गाडी तुमच्यासमोर येईपर्यंत आठ झाले तर ती खूण लक्षात ठेवा. मग रोजचा प्रश्न एवढाच उरतो : गाडी त्या झाडाच्या अलीकडे आली आहे की नाही? उजवीकडची खूण वेगळी, डावीकडची वेगळी.

डावीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. उजवीकडून येणाऱ्या गाड्यांची लेन तुम्ही ओलांडून मोकळे होता, पण डावीकडून येणाऱ्यांच्या लेनमध्ये तुम्हाला मिसळायचं असतं. उभ्या गाडीला ६० चा वेग घ्यायला सहज ८ ते १० सेकंद लागतात. तोवर मागून ८० नं येणारा ट्रक तुमच्यापर्यंत पोचलेला असतो. ८० च्या वेगातल्या वाहनाला थांबायला १२० मीटर लागतात असं रस्ता आखताना धरतात, आणि भरलेला ट्रक ओल्या रस्त्यावर असेल तर तेवढ्यातही थांबेल याचा भरवसा नाही. म्हणून डावीकडची मोकळी जागा उजवीकडच्यापेक्षा मोठीच हवी.

फाट्यावरून डावीकडे वळणाऱ्यांसाठीही एक सूचना. ते फक्त उजवीकडे बघतात आणि निघतात. दोनपदरी रस्त्यावर डावीकडून कोणी ओव्हरटेक करत येत असेल, तर तो तुम्ही शिरणार असलेल्या लेनमध्येच समोरून येत असतो. उजवीकडे, डावीकडे आणि गाडी हलवायच्या आधी पुन्हा उजवीकडे, एवढं झाल्याशिवाय क्लच सोडू नका.

ट्रॅक्टर आणि उसाच्या दोन ट्रॉल्या असतील तर आठ सेकंदांचा हिशेब कोसळतो. ट्रॅक्टरसकट लांबी १५ ते १८ मीटर आणि निघतानाचा वेग माणसाच्या झपाझप चालण्यापेक्षा थोडा जास्त. रस्ता पूर्ण मोकळा व्हायला १२ सेकंदांहून अधिक लागतात. हंगामात रात्रीच्या वेळी मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि दिवा नसेल, तर आडवी ट्रॉली समोरच्याला दिसतच नाही, कारण त्याच्या हेडलाइटला तिच्या बाजूवरून परत येणारं काही नसतं. ट्रॉलीच्या मागे तर लावाच, पण दोन्ही बाजूंनाही परावर्तक पट्ट्या लावा. रात्री फाटा ओलांडताना एका माणसानं टॉर्च घेऊन खाली उतरणं हा पर्याय कारखान्याच्या वाहतूकदारांनी नेहमीचाच करायला हवा.

प्रश्न : चौपदरी रस्त्यावर दुभाजकातल्या मोकळ्या जागेत थांबून दोन टप्प्यांत ओलांडलेलं चालतं का?
(एक वाचक, सोलापूर)

दुभाजकाची रुंदी तुमच्या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त असेल तरच. छोटी कारसुद्धा जवळजवळ ४ मीटरची असते आणि शहरालगत दुभाजक पुष्कळदा एक-दीड मीटरचाच असतो. म्हणजे तुम्ही मध्ये थांबलात की मागचा अडीच मीटर भाग बाहेर राहतो, आणि तोही दुभाजकालगतच्या सगळ्यात वेगवान लेनमध्ये. अशा ठिकाणी दोन्ही बाजू एकाच वेळी मोकळ्या मिळाल्या तरच निघायचं. गर्दीच्या वेळी तशी संधी मिळत नाही. तेव्हा डावीकडे वळून पुढच्या भुयारी मार्गातून किंवा अधिकृत यू-टर्नवरून परत या. दोन-तीन किलोमीटरचा वळसा पडला तरी पडू द्या.

ढाबेवाल्यांनी किंवा पंपवाल्यांनी दुभाजक फोडून केलेल्या वाटा वापरूच नका. तिथं कोणी वळेल अशी मागच्या ट्रकवाल्याची अपेक्षाच नसते.

प्रश्न : मुख्य रस्त्यावरून उजवीकडच्या गल्लीत वळत होते. इंडिकेटर दिला होता, तरी मागून उजवीकडून आलेला मोटरसायकलवाला दारावर आदळला. माझं काय चुकलं?
(एक वाचक, नाशिक)

चौकात ओव्हरटेक करायला मनाई आहे, त्यामुळे त्याची चूक होतीच. पण आपल्याकडे हा अपघात वारंवार होतो आणि तो टाळणं बरंचसं वळणाऱ्याच्या हातात असतं.

गाडी रस्त्यावर कुठं उभी केली यावर बरंच अवलंबून असतं. शहरात वळणाच्या निदान ३० मीटर आधी आणि हायवेवर १०० मीटर आधी आतला आरसा बघा, मग उजवा आरसा, मग इंडिकेटर. त्यानंतर हळूहळू मधल्या रेषेकडे सरका, इतकं की तुमच्या उजवीकडून दुचाकी घुसायला जागा उरणार नाही. बहुतेक जण डावीकडच्या लेनमध्येच राहतात, काही तर मोठं वळण घेण्यासाठी आधी डावीकडे झोकतात. मागच्याला वाटतं, ही गाडी बाजूला होते आहे, तर आपण उजवीकडून काढावी. इंडिकेटर एक सांगतो आणि गाडी दुसरंच, आणि मागचा माणूस गाडीवर विश्वास ठेवतो.

समोरून वाहनं येत असल्यामुळे थांबावं लागलं तर स्टिअरिंग सरळ ठेवा. चाकं आधीच उजवीकडे वळवून उभे राहिलात आणि मागून धक्का बसला, तर गाडी थेट समोरून येणाऱ्या वाहनापुढं ढकलली जाते. पाय ब्रेकवर असू द्या, म्हणजे मागचे लाल दिवे लागलेले राहतील.

स्टिअरिंग फिरवण्याच्या अगदी आधी पुन्हा उजवा आरसा आणि मान वळवून खिडकीतून एक नजर. पाच सेकंदांपूर्वी बघितलेलं आता कामाचं नसतं. ६० च्या वेगातली मोटरसायकल सेकंदाला जवळपास १७ मीटर येते, म्हणजे पाच सेकंदांत ८० मीटर. आधी बघितलं तेव्हा ती आरशात ठिपक्याएवढी होती किंवा ट्रकच्या मागं लपलेली होती.

वळताना गल्लीचा उजवा कोपरा कापू नका. दोन्ही रस्त्यांच्या मध्यरेषा जिथं छेदतात तो बिंदू आपल्या उजव्या हाताला ठेवून, त्याच्या पुढं जाऊन वळायचं आणि गल्लीच्या डाव्या बाजूला शिरायचं. कोपरा कापला की गल्लीच्या तोंडाशी बाहेर पडायला थांबलेल्या गाडीच्या नाकावरच आपण जातो. वेग १५-२० च्या वर नको, कारण गल्लीच्या तोंडाशी कोणी पायी रस्ता ओलांडत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं आहे.

याला एक अपवाद. दोनपदरी हायवेवर मागून ट्रक ८० नं येत असतील आणि उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी लेन नसेल, तर रस्त्याच्या मधोमध उभं राहणं जिवावरचं आहे. तिथं डावा इंडिकेटर देऊन डांबराच्या पूर्ण बाहेर, साइडपट्टीवर उतरा, दोन्ही दिशा मोकळ्या होईपर्यंत थांबा आणि मग काटकोनात ओलांडा. अर्धी गाडी डांबरावर आणि अर्धी मातीत, असं मात्र कधीही नको.

प्रश्न : चौकात सरळ जायचं असेल तर चारही इंडिकेटर लावायचे असं ड्रायव्हिंग शिकताना सांगितलं होतं. बरोबर आहे ना?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नाही. ही सवय महाराष्ट्रभर पसरली आहे आणि ती मोडायलाच हवी. तुमच्या डावीकडून चौकात येणाऱ्याला तुमच्या गाडीची फक्त डावी बाजू दिसते. त्याला डावा इंडिकेटर लुकलुकताना दिसतो आणि तो समजतो, ही गाडी डावीकडे, म्हणजे माझ्या रस्त्यावर वळते आहे. तो निर्धास्तपणे निघतो, तुम्ही सरळ येता. उजवीकडच्याचाही असाच गैरसमज होतो. शिवाय चारही दिवे चालू असताना खऱ्या वळणाचा इशारा देताच येत नाही. सरळ जायचं असेल तर काहीही लावायचं नाही. चारही इंडिकेटर एकदम लावणं, म्हणजे ज्याला लोक ‘पार्किंग लाइट’ म्हणतात ते दिवे, बंद पडलेल्या किंवा धोक्याच्या जागी उभ्या असलेल्या गाडीसाठी आहेत.

प्रश्न : दोन्हीकडे नीट बघूनही मोटरसायकल अचानक ‘उगवते’. असं का होतं?
(एक वाचक, पणजी)

कारणं तीन आहेत आणि तिन्ही खरी आहेत.

पहिलं कारण म्हणजे समोरच्या काचेच्या कडेचा खांब. चालकाच्या बाजूचा हा खांब डोळ्यांपासून पाऊण मीटरच्या आतच असतो. तो १० सेंटिमीटर रुंद धरला आणि दोन्ही डोळ्यांचा हिशेब केला, तरी ५० मीटरवरची सुमारे अडीच मीटरची पट्टी त्याच्या आड जाते. मोटरसायकल साधारण दोन मीटर लांब असते. त्यातून जे वाहन आपल्यावर आदळण्याच्या बेतात असतं, ते आपल्या नजरेत एकाच दिशेला स्थिर राहतं. म्हणजे खांबाआड गेलेला दुचाकीस्वार आपण दोघं चौकाकडे येत असताना खांबाआडच राहू शकतो.

दुसरं म्हणजे आकार. जवळ येणारी वस्तू किती भराभर मोठी होते यावरून डोळे वेग जोखतात. समोरून अरुंद दिसणारी दुचाकी मोठी होताना फारशी जाणवत नाही, म्हणून ती लांब आहे आणि हळू येते आहे असं वाटतं. रात्री एकच दिवा दिसला की हा घोटाळा वाढतो. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असताना कायम चालू राहतो, त्याचा उपयोग आहे, पण वेग कळायला त्यानं मदत होत नाही.

तिसरं, मान झटकन फिरवली की नजर उड्या मारत जाते आणि दोन उड्यांच्या मधलं मेंदू टिपत नाही. मधल्या भागात असलेली दुचाकी आपण बघूनही बघितलेली नसते.

उपाय : प्रत्येक बाजूला नजर दोन-तीन ठिकाणी टेकवत न्या, आधी लांब, मग मध्ये, मग जवळ. बघताना डोकं पुढं आणि मागं हलवा, म्हणजे खांबाआडची जागा उघडी पडते. काचेच्या कोपऱ्यातले स्टिकर, आरशाला टांगलेल्या माळा आणि कोपऱ्यात चिकटवलेला फोन आजच काढा.

प्रश्न : एसटी चौकात डावीकडे वळताना आधी उजवीकडे जाते. त्या वेळी डावीकडून दुचाकी काढावी का?
(एक वाचक, कऱ्हाड)

कधीच नाही. लांब वाहन वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतल्या बाजूनं कापत जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ६ मीटर आणि वळण १२ मीटर त्रिज्येचं असेल, तर मागचं चाक दीड मीटरहून अधिक आत येतं. ट्रेलरचं त्याहून बरंच जास्त. ही कापणी भरून काढायलाच चालक आधी उजवीकडे जातो, आणि त्यामुळे डावीकडे उघडलेली फट दुचाकीवाल्याला वाट वाटते. काही सेकंदांत ती बंद होते. क्लिनर साइडला चाकाजवळ असलेला माणूस चालकाला आरशातही नीट दिसत नाही. सापडलातच तर पुढं काढायचा प्रयत्न करू नका, ब्रेक लावून मागं राहा. तुम्हाला चालकाचा आरसा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

प्रश्न : समोरच्यानं डिपर मारला म्हणजे ‘तुम्ही या’ समजायचं का?
(एक वाचक, जळगाव)

आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी येतोय, थांबा’ असाच असतो. कोणी खरोखर थांबून हातानं बोलावलं, तरी त्यानं फक्त स्वतःच्या लेनपुरतं सांगितलेलं असतं. त्याच्या बाजूनं पुढं येणारी दुचाकी त्याच्याही लक्षात नसते. त्याच्या गाडीच्या टोकापर्यंत सरका, थांबा, पलीकडची लेन बघा, मगच पुढं.

प्रश्न : रात्री सिग्नल नुसता पिवळा लुकलुकतो. तेव्हा काय नियम?
(एक वाचक, ठाणे)

लुकलुकता पिवळा म्हणजे वेग कमी करा, बघा, जा. लुकलुकता लाल म्हणजे पूर्ण थांबा, मग रस्ता मोकळा असेल तर जा. त्या वेळी तो चौक बिनसिग्नलचाच धरायचा, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं लागू. दिवसा सवयीनं त्याच चौकातून ज्या वेगानं जाता, तो वेग रात्री चालणार नाही.

प्रश्न : आमच्या फाट्यावर एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला वाढदिवसाचे फ्लेक्स. रस्त्यावर नाक काढल्याशिवाय काही दिसत नाही. काय करावं?
(एक वाचक, श्रीगोंदा)

आज गाडी काढायची तर : काचा खाली, संगीत बंद, पहिला गिअर. थांबण्याच्या रेषेपाशी एकदा पूर्ण थांबा. मग अर्ध्या क्लचवर फूटभर सरका, थांबा, बघा, पुन्हा फूटभर. बॉनेट लांब असलेल्या गाडीत चालकाचे डोळे गाडीच्या टोकापासून दोन मीटर मागं असतात, म्हणून शेजारी बसलेल्यानं पुढं वाकून डावीकडचं सांगावं. तरी दिसत नसेल तर कोणीतरी उतरून बघणं यात कमीपणा नाही. हेडलाइट दिवसाही लावा.

कायमचा इलाज मात्र कोपरा मोकळा करणं हाच आहे. फाट्याच्या रस्त्यावर कडेपासून १५ मीटर मागं उभं राहून मुख्य रस्त्यावर वर दिलेल्या अंतरापर्यंत दिसायला हवं. टेप घेऊन हे मोजा, फोटो काढा. रस्त्याच्या हद्दीतले फ्लेक्स आणि टपऱ्या हटवणं हे ज्या यंत्रणेकडे रस्ता आहे तिचं काम. ग्रामीण रस्ता जिल्हा परिषदेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग भारतीय राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम खात्याच्या महामार्ग शाखेकडे. अर्जात किलोमीटरच्या दगडाचा आकडा, दिसणारं अंतर मीटरमध्ये आणि मागणी लिहा : फाट्याच्या रस्त्यावर गतिरोधक आणि ‘थांबा’ची पाटी, मुख्य रस्त्यावर पुढे फाटा असल्याची सूचना देणारी पाटी, आणि कोपऱ्यातली झुडपं वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर एकदा नक्की, काढणं. अर्जाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या आणि पोच घ्या.

ऊस खासगी शेतात असेल तर अर्जापेक्षा बोलणं उपयोगी. कोपऱ्यातल्या त्रिकोणात उसाऐवजी हरभरा, भुईमूग किंवा घास अशी गुडघ्याच्या आतबाहेर राहणारी पिकं घेतली, तर शेतकऱ्याचं नुकसान थोडं होतं आणि कारमध्ये बसलेल्याला पिकावरून पलीकडचं दिसतं. ग्रामपंचायतीनं लागणीच्या आधी हे बोलून घ्यावं, ऊस डोक्याएवढा झाल्यावर कोणी तो तोडणार नाही.